जमिनीची गाळणी: कात्रजच्या तळ्यापासून मार्केट यार्डाच्या बोअरपर्यंत

हेडफोन लावून बसमध्ये ऐकताय की भांडी घासता घासता, ते तुमचं तुम्हाला माहीत. आजचा भाग पाण्याचा आहे, त्यामुळे जवळ एक पेला पाणी असेल तर बरंच. मध्येच त्याचा प्रयोग करायचा आहे.

गोष्ट सुरू होते मार्केट यार्डात. पहाटे पाचला तिथं गेलात तर पुणं किती लवकर उठतं ते कळतं. कोथिंबिरीच्या जुड्या, कांद्याची पोती, हातगाड्या, "चला, बाजूला, बाजूला" असा ओरडा. चहाच्या टपरीवर मी उभी होते. बाजूला वीस लिटरचे निळे जार रचलेले होते आणि थोडं पुढं एका नळाला लोक तोंड धुवत होते. नळ बोअरचा. एका हमाल काकांनी त्याच नळाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायले. मी म्हटलं, "काका, जारचं घ्या की." ते हसले. म्हणाले, "ताई, हे पाणी जमिनीनं गाळलेलं आहे. जमिनीपेक्षा मोठी गाळणी कुठल्या कंपनीकडं आहे?"

वाक्य डोक्यात बसलं. कारण ते खरं आहे, आणि पूर्ण खरं नाही. जमीन पाणी गाळते का? कधी गाळते, कधी नाही? पुण्यानं गेल्या पावणेतीनशे वर्षांत या गाळणीवर किती विश्वास ठेवला आणि तो कधी अंगाशी आला? आज तेवढंच बोलू.

तळं, बोगदा आणि हौद

मार्केट यार्डातून सातारा रस्त्याला आलात आणि दक्षिणेला निघालात, तर बिबवेवाडी, पद्मावती, धनकवडी करत कात्रज येतं. तिथं दोन तळी आहेत. खालचं तळं तुम्ही पाहिलं असेल, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे ते. ही तळी नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, साधारण १७५० च्या आसपासची. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं, आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधीव नळ आणला. लांबी सुमारे आठ किलोमीटर. नळ म्हणजे आपल्या घरातला पाइप नव्हे. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा बोगदा. पंप नाही, मोटर नाही, वीज तर नाहीच. कात्रज उंचावर, शहर खाली, मधला उतार हिशेबानं राखलेला. पाणी आपल्या वजनानं वाहत यायचं.

बोगद्यावर ठरावीक अंतरानं दगडी मनोरे उभे केलेले होते. त्यांना उच्छ्वास म्हणतात. हवा खेळावी, आत उतरून साफसफाई करता यावी, म्हणून. शहरात पोचल्यावर हे पाणी हौदांत यायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, तुळशीबागेतला हौद. यातली काही नावं आज फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उरली आहेत.

आता ही गोष्ट इंटरनेटवर सांगताना बरेच जण एक वाक्य जोडतात: पेशव्यांनी पाणी "नैसर्गिकरीत्या फिल्टर" केलं. इथं जरा थांबू. कात्रजला जे होत होतं त्याला आपल्याकडं नेमका शब्द आहे: निवळणं. गाळणं वेगळं, निवळणं वेगळं.

घ्या तो पेला. चिमूटभर माती टाका, ढवळा आणि ठेवा. वाळूचा कण काही क्षणांत तळाला जातो. चिकणमातीचा बारीक कण, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, अख्ख्या दिवसात जेमतेम फूटभर खाली उतरतो. म्हणजे गढूळ पाणी निवळायला दोन गोष्टी लागतात: वेळ आणि शांतता. तळं नेमकं हेच देतं. पावसाळ्यात ओढा डोंगराची लाल माती घेऊन यायचा. ती आधी वरच्या तळ्यात बसायची, उरलेली खालच्या तळ्यात. मग बोगद्यात, मग हौदात. प्रत्येक टप्प्यावर पाणी थोडं थांबायचं आणि थोडं स्वच्छ होऊन पुढं जायचं. पेल्यात तुम्ही पाहिलंत तसंच, फक्त आठ किलोमीटर लांबीचं.

पण निवळण्यानं जंतू जात नाहीत. ते इतके लहान आणि हलके असतात की तळाला बसायच्या भानगडीत पडत नाहीत. मग कात्रजचं पाणी लोकांनी कसं प्यायलं? कारण ते मुळात कमी घाण होतं. तळी शहराच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. वर वस्ती विरळ. आणि तिथून हौदापर्यंतचा सगळा प्रवास झाकलेला. मला विचाराल तर खरी हुशारी इथं होती: घाण नंतर काढत बसण्यापेक्षा ती आत येऊच द्यायची नाही.

दोन रेघांच्या मध्ये

पुण्याला अशी एकच वाट नव्हती. नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूनं सदाशिव पेठेत पाणी आणलं. सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून रास्ता पेठेत आणलं. मोबाईलवर नकाशा उघडा. कात्रज ते शनिवारवाडा अशी एक सरळ रेघ ओढा, कोंढवा ते रास्ता पेठ अशी दुसरी. मार्केट यार्ड दोन्हींच्या मध्ये येतं, पश्चिमेच्या रेघेपासून साधारण एक किलोमीटर, पूर्वेच्या रेघेपासूनही तेवढंच. प्रत्यक्ष नळ काही पट्टीनं आखल्यासारखे सरळ गेले नव्हते, पण आज जिथं टेम्पो उभे राहतात त्या भागाच्या डाव्या-उजव्या अंगानं अठराव्या शतकात शहराचं पिण्याचं पाणी चाललं होतं, एवढं नक्की.

मग प्रश्न येतो. पुण्यात वाड्यावाड्यात आड होते. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर, दोर-पोहऱ्यानं पाणी शेंदायची. जमिनीनं गाळलेलं पाणी अंगणात असताना मैलोन् मैल बोगदा खणायचा खटाटोप कशाला? एक कारण उघड आहे: शहर वाढलं आणि आड पुरेनात. दुसरं कारण समजायला वाड्याची रचना डोळ्यांपुढं आणा. पुढच्या चौकात आड, मागच्या अंगाला गोठा, त्याच्याही मागं शौचकूप. अंतर किती, तर काही पावलांचं. वर जे सांडतं ते खाली जातं, आणि खाली जे जातं तेच पोहऱ्यात वर येतं. शहर दाट होत गेलं तशी जमिनीच्या गाळणीवर लोकांनी घाण वाढवली, गाळणी मात्र तेवढीच राहिली.

आणि "शुद्ध पाणी" हा शब्द आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या शहरात पाण्याची शुद्धता बराच काळ जंतूंवरून नाही, हात लावणाऱ्याच्या जातीवरून ठरायची. सांडपाणी आडात झिरपलं तर चालायचं, पण दलिताची घागर हौदाला लागलेली चालायची नाही. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. मार्केट यार्डापासून फुलेवाडा तीन-चार किलोमीटरवर आहे, कधीतरी जा. पाण्याला खरा धोका कशाचा आणि खोटा कशाचा, हा फरक त्या माणसानं घराच्या दारात करून दाखवला. जंतूंचं विज्ञान तेव्हा युरोपातसुद्धा नीट मान्य झालेलं नव्हतं.

जमीन नेमकं काय करते?

आता काकांच्या वाक्याकडं. ते खरं कुठं आहे, ते आधी पाहू.

तुमच्या आजीचं माहेर नदीकाठच्या गावात असेल तर तिला विचारा. उन्हाळ्यात नदीला पाण्याची बारीक धार असायची, तरी बायका त्या धारेत घागर बुडवत नसत. धारेपासून दहा-वीस पावलं लांब, कोरड्या वाळूत हातानं खड्डा उकरायच्या. त्याला झिरा म्हणतात. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, मग जे हळूहळू भरतं ते नितळ, गार पाणी कापडातून घागरीत. नदीचंच पाणी, पण वाळूतून आलेलं. शाळेत न गेलेल्या बायकांना जमिनीची गाळणी कशी वापरायची ते पक्कं माहीत होतं.

वाळू दोन कामं करते. एक तर कणांच्या मधल्या फटी इतक्या बारीक असतात की गाळ अडकतो. पण जंतू त्याहून लहान, ते फटीतून सहज जातील. म्हणून दुसरं काम महत्त्वाचं. पाणी वाळूत शिरतं तिथं वरच्या थरात सूक्ष्मजीवांचा एक बुळबुळीत पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. हे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण आणि रोगजंतू खातात. पुढं पाणी वाळूतून सरकत राहतं, दिवसेंदिवस. अंधारात, खायला काही नसताना, उरलेले बरेचसे रोगजंतू वाटेतच मरतात किंवा कणांना चिकटून बसतात. म्हणजे जमिनीच्या गाळणीत जाळीपेक्षा वेळ जास्त काम करतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शहरांनी हीच युक्ती उचलली. १८२९ मध्ये लंडनला जेम्स सिम्प्सन या इंजिनिअरनं थेम्सचं पाणी वाळूच्या मोठ्या हौदांतून हळूहळू गाळायला सुरुवात केली. तिची खरी परीक्षा झाली १८९२ मध्ये, जर्मनीत. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एकमेकांना चिकटलेली शहरं, दोघंही एल्ब नदीचं पाणी पिणारी. हॅम्बुर्ग न गाळता प्यायचं. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी त्यांच्या वाट्याला, पण ते वाळूतून गाळून घ्यायचे. त्या वर्षी कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं गेली. आल्टोना मोठ्या प्रमाणात वाचलं. एकाच रस्त्याच्या एका बाजूला हॅम्बुर्गचं पाणी, दुसऱ्या बाजूला आल्टोनाचं, आणि रोग रस्त्याच्या मधोमध थांबलेला. रॉबर्ट कॉखनं हे जगासमोर मांडलं, आणि वाळूच्या गाळणीबद्दलचा वाद जवळपास मिटला.

तळ्याच्या बाबतीत हे आजही चालतं. बर्लिन शहराचं निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठावरच्या विहिरींतून येतं. तळ्यातलं पाणी वाळूच्या थरातून झिरपत विहिरीपर्यंत जातं, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. ते इतकं स्वच्छ होतं की एरवी त्यात क्लोरीनही घालत नाहीत. फार लांब कशाला, आपल्याकडं नैनीतालला जा. तिथं १९९० पासून तळ्याच्या काठाजवळ, शंभर मीटरच्या आत, खोल बोअर घेऊन तळ्याचं झिरपलेलं पाणी शहराला देतात.

तर काका बरोबर आहेत. बर्लिनमध्ये. नैनीतालमध्ये. नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावर.

पण मार्केट यार्डाच्या खाली वाळू नाहीये.

आपल्या पायाखाली काय आहे

पुणं बसलंय काळ्या पाषाणावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले, त्याचे हे थर. विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर आपल्या हाताच्या रेषांसारखे पाठ असतात. वर माती. मग मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला खडक. मग कधी मांजऱ्या लागतो, लहान लहान भोकांचा खडक, लाव्हातली हवा निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्यांचा. मग अखंड काळा कातळ, ज्यावर पहार मारली की ठिणगी उडते. त्यात कुठं कुठं उभ्या-आडव्या चिरा. त्याखाली पुन्हा मुरूम, पुन्हा कातळ. केकचे थर म्हणा हवं तर.

या सगळ्यात पाणी कुठं असतं? मुरमात, मांजऱ्यात आणि चिरांत. ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते सरकतं त्याला जलधर म्हणतात. लोकांना वाटतं जमिनीखाली तळं असतं, नदी असते. तसं काही नसतं. भिजलेला खडक असतो, ओल्या स्पंजासारखा, आणि आपला स्पंज फार कंजूष आहे.

गाळणी म्हणून बघाल तर माती आणि मुरूम चांगलं काम करतात. पाणी तिथून रमतगमत जातं. पण एकदा का ते कातळाच्या चिरेत शिरलं की गोष्ट बदलते. चिरेत ना वाळू, ना बारीक फटी. पाणी गल्लीतून स्कूटर काढावी तसं सुसाट जातं. जर्मनीत पिण्याच्या विहिरीभोवती एक हद्द आखतात: ज्या जागेपासून विहिरीपर्यंत यायला भूजलाला पन्नास दिवस लागतात, तिथपर्यंत घाण होईल असं काही करायचं नाही. कारण तेवढ्या दिवसांत बहुतेक रोगजंतू मरतात. आपल्या फुटलेल्या पाषाणात तेच अंतर पाणी कधी कधी काही तासांत कापतं. आठवतंय ना, खरं काम वेळ करतो? चिरेतल्या पाण्याला तो मिळत नाही.

म्हणून महाराष्ट्रानं या कंजूष खडकाशी जमवून घ्यायला आपली एक रीत बसवली, आणि तिचं नावही किती साधं आहे: पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर लाखो हातांनी असे हजारो तलाव खोदले आणि बांधले. या तलावातून पाट काढायचा नाही, पाइप टाकायचा नाही. पाणी साठवायचं आणि जिरू द्यायचं. ते मुरमातून पाझरत खालच्या अंगाच्या विहिरींना जातं. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर मुद्दाम अशा तलावाच्या खाली घेतलेली तुम्हाला कितीतरी ठिकाणी दिसेल. तळ्याचं पाणी जलधरातून गाळून पिण्याची बर्लिनची युक्ती, पण आपल्या दगडाच्या भाषेत. ती चालते कुठं? जिथं तलावाच्या वर डोंगर आहे, गवत आहे, फार तर जनावरं आहेत. जिथं वर गटार आहे तिथं तलाव गटारही तितक्याच इमानदारीनं जिरवतो.

बारा जुलै

पुण्यात खडकवासल्याचं धरण झालं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नळाचं पाणी घराघरात येत गेलं आणि आड, हौद मागं पडत गेले. काही बुजले, काहींवर फरशी आली.

मग १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेनं शहराच्या काठच्या पेठा धुऊन नेल्या. पूर ओसरला आणि लोकांच्या लक्षात आलं, पुण्याला पाणी देणारं धरणच उरलेलं नाही. चोहीकडं चिखल आणि प्यायला पाणी नाही. तेव्हा पुणेकर कुठं गेले? आडांकडं. विहिरींकडं. कात्रजच्या पाण्याच्या जुन्या हौदांकडं. झाकणं काढली, गाळ उपसला, दोर सोडले. दीड-दोन पिढ्या आधी "जुनं झालं" म्हणून सोडून दिलेली व्यवस्था कामाला आली. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना या दिवसांबद्दल नक्की विचारा, आणि बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

मला या गोष्टीतून "जुनं ते सोनं" म्हणायचं नाहीये. मला एवढंच दिसतं की जमिनीखालचं पाणी हे शहराचं अडीअडचणीचं गाठोडं आहे. रोज लागत नाही म्हणून कुणी गाठोड्यात कचरा टाकत नाही. आपण टाकतो.

आणि २०२५

आता अगदी कालपरवाची गोष्ट. जानेवारी २०२५. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागातून हातापायांतली ताकद गेलेले पेशंट हॉस्पिटलमध्ये यायला लागले. गुलियन-बारे सिंड्रोम, जीबीएस, हे नाव तोवर कुणी ऐकलंही नव्हतं. दोन महिन्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही जण व्हेंटिलेटरवर, काहींचा जीव गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा जंतू सापडला. त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी गोंधळते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते.

संशयाचं बोट पाण्याकडं गेलं, आणि नांदेड गावच्या विहिरीची चर्चा सुरू झाली. आजूबाजूच्या गावांना या विहिरीतून पाणी जायचं. ते शुद्धीकरण केंद्रातून गाळून येत नव्हतं, फक्त क्लोरीन घालून पुढं दिलं जात होतं. ही गावं पाहता पाहता शहर झाली होती. दहा-बारा मजल्यांचे टॉवर आले, सांडपाण्याची सोय मागं राहिली.

इथं एक विहीर, एक खातं, एक गाव पकडून बोट दाखवणं सोपं आहे. पण माझ्या मनात काकांचंच वाक्य येत होतं. "विहिरीचं पाणी म्हणजे चांगलंच" हा विश्वास कुठून आला? ज्या काळात विहिरीच्या वर डोंगर, शेत आणि मुरूम होता, त्या काळातून. विश्वास तसाच राहिला, वरचा डोंगर राहिला नाही. कात्रजचंही तेच. नानासाहेबांच्या तळ्याच्या वर रान होतं. आता वर वस्ती आहे, तळ्यात सांडपाणी येतं आणि त्यावर पोसलेली जलपर्णी दिसते. बांध तोच, उतार तोच. बदललंय ते फक्त वरून येणारं पाणी.

मग आपण काय करायचं?

हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, सल्ल्याचा नाही. तरी तीन गोष्टी सांगते, कारण इतिहासातूनच निघतात.

पहिली, टीडीएस मीटर. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी ती पेनासारखी काडी आहे. "आमच्या बोअरचा टीडीएस चांगला आहे" असं अभिमानानं सांगतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. त्यात जंतू दिसत नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस छान येऊ शकतो. जंतूंची तपासणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेत होते, आणि बोअरचं पाणी पिणाऱ्या सोसायटीनं ती करून घ्यायलाच हवी, निदान पावसाळ्यानंतर एकदा.

दुसरी, पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणं. कल्पना चांगली आहे, पण गच्चीचा पाइप थेट बोअरच्या तोंडात घातला, की आपण काय करतो? माती आणि मुरूम, म्हणजे आपल्या गाळणीचा सगळ्यात चांगला भाग, टाळून पाणी सरळ चिरेत ओततो. त्यात गच्चीवरची कबुतरांची विष्ठाही गेली. पाणी आधी गाळणीच्या खड्ड्यातून जाऊ द्या, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, आणि जमेल तिथं ते मातीतूनच जिरू द्या. घाई नको. घाई झाली की गाळणी संपली.

तिसरी, शोध घ्या. तुमच्या वाड्यात, चाळीत, जुन्या बंगल्यात आड कुठं होता? तो बुजवला का? त्यात काय टाकलं? नवी इमारत त्याच्यावर आहे का? आड बुजवला म्हणून खालची चीर बुजत नाही. ती कुणाच्या तरी बोअरला जोडलेली असते.

त्या दिवशी टपरीवर काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. तेवढा वेळ ना त्यांना होता, ना मला. एवढंच म्हटलं, "काका, जमीन गाळते खरी, पण आपली जमीन जरा घाईत असते. आणि वर एवढं मार्केट आहे." त्यांनी नळाकडं बघितलं, मग पलीकडच्या गटाराकडं बघितलं. तिथं सडलेली मेथी, टोमॅटोचा चिखल आणि काळं पाणी साचलं होतं. म्हणाले, "म्हणजे हे सगळं पण तीच गाळते की काय?" मी म्हटलं, "प्रयत्न करते बिचारी."

ते हसले नाहीत. डोक्यावरची चुंबळ नीट केली, आणि जाता जाता टपरीवाल्याला म्हणाले, "ए, तुझ्या चहाचं पाणी कुठलं रे?"

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरातल्या आडाची, हौदाची, पानशेतच्या दिवसांची गोष्ट असेल तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि हो, तो मातीचा पेला अजून तसाच असेल बाजूला. बघा, किती निवळलाय ते. पिऊ मात्र नका.